पायरी आणि उतरण

कोकणात एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाणारी वाट बहुधा पाखाडीची असते. जांभ्या दगडाचे चिरे एकापुढे एक बसवून केलेली ही पायऱ्यांची वाट आंब्याफणसांच्या सावलीतून, दोन्ही अंगांच्या गडग्यांमधून वळणे घेत खाली खाडीपर्यंत उतरते. पावसाळ्यात डोंगरावरून धावणाऱ्या पाण्याने साधी पायवाट पार वाहून जाते. पाखाडी मात्र जागची हलत नाही. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई आणि पाठीला दप्तर लावलेला मुलगा या पायऱ्यांवरून इतक्या सहजतेने चढतात, की पायरी ही काही अडचण असू शकते, हे त्यांच्या ध्यानीमनीही येत नाही.

परंतु जो मनुष्य पायांनी चालू शकत नाही आणि चाकाच्या खुर्चीत बसून हिंडतो, त्याच्या दृष्टीने पाखाडीचा पहिला चिरा हाच वाटेचा शेवट होय. चिऱ्याची उंची वीतभरसुद्धा नसते, तथापि पुढची चाके त्याला टेकली, की खुर्ची थांबते.

रत्नागिरीत पाहण्याजोगे पुष्कळ आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी ज्या घरात झाला, ते घर येथे जतन करून ठेवले आहे. तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला रत्नदुर्ग आहे. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजाचा वाडा आहे. काळ्या वाळूचा मांडवीचा किनारा आणि त्याच्या पलीकडचा पांढरा समुद्र आहे. शाळांच्या सहली येतात, वृद्ध आईवडिलांना घेऊन कुटुंबे येतात. अशा एखाद्या सहलीत चाकाच्या खुर्चीवर बसलेली बारा वर्षांची मुलगी असेल, तर तिला यांतले काय पाहावयास मिळेल? इतर मुले आत जाऊन परत येईपर्यंत गाडीत बसून राहणे, एवढेच तिच्या वाट्याला येणार काय?

या प्रश्नाचा विचार करताना रत्नागिरीच्याच किनाऱ्यावरील एक जुनी गोष्ट आठवावी. आगगाडी आणि चांगले रस्ते नव्हते, त्या काळी मुंबईहून कोकणात येणारे चाकरमानी आगबोटीने येत. अनेक बंदरांत पाणी उथळ असल्यामुळे आगबोट दूर समुद्रात उभी राही. तेथून उतारू पडावात उतरत आणि पडावही काठाला लागत नसे, तेथे खलाशी त्यांना खांद्यावर किंवा पाठीवर घेऊन कोरड्या वाळूवर आणून सोडीत. त्यांत धट्टेकट्टे पुरुष असत, व्यापारी असत, सरकारी कामदारही असत. खलाशाच्या खांद्यावर बसावे लागले म्हणून त्यांना कोणी पंगू म्हटले नाही. उणीव बंदरात होती, उतारूंच्या पायांत नव्हती, हे सर्वांना उघड दिसत होते. पुढे ठिकठिकाणी धक्के बांधले गेले आणि उतारू आपल्या पायांनी चालत किनाऱ्यावर येऊ लागले.

चाकाच्या खुर्चीची गोष्टही याच जातीची आहे. या खुर्चीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १६५५ साली जर्मनीतील न्युरेंबर्गजवळ राहणाऱ्या श्टेफान फार्फलर नावाच्या बावीस वर्षांच्या घड्याळजीने स्वतःसाठी तीन चाकांची एक खुर्ची बनविली. त्याचे पाय निकामी होते, परंतु घड्याळाची दातेरी चाके कशी फिरतात हे त्याला पक्के ठाऊक होते. हातांनी दांडा फिरवावयाचा आणि दात्यांच्या योगाने पुढचे चाक फिरवावयाचे, अशी त्याची युक्ती होती. दुसऱ्या कोणी न ढकलता चालणारी ही पहिली खुर्ची मानली जाते. पुढे जवळजवळ पावणेतीनशे वर्षे खुर्च्या होत राहिल्या, पण त्या अवजड असत. खाणीतील अपघातात पाठीचा कणा मोडलेले अमेरिकेतील अभियंते हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज या दोघांनी १९३३ साली पोलादी नळ्यांची, घडी होणारी खुर्ची तयार केली. ती मिटवून मोटारीत ठेवता येऊ लागली आणि खुर्चीत बसणारा मनुष्य घराबाहेर पडून प्रवासाला निघाला. आज रुग्णालयांत आणि रेल्वे स्थानकांवर दिसणाऱ्या घडीच्या खुर्च्या याच घडणीच्या वंशातल्या आहेत.

खुर्ची तयार झाली, आता तिला वाट हवी. ही वाट म्हणजे उतरण. पायऱ्यांच्या जागी किंवा त्यांच्या शेजारी जो सपाट, तिरकस मार्ग बांधतात त्याला उतरण म्हणतात. बोलण्यात पुष्कळ लोक रॅम्पही म्हणतात. कोणतीही तिरकस फरशी मात्र उतरण होत नाही. एक मात्रा उंची चढावयाची असेल, तर बारा मात्रा लांबी असली पाहिजे, असा तिचा सर्वमान्य नियम आहे. घराची एक पायरी १५ सेंटिमीटर उंच असेल, तर तिच्यासाठी १८० सेंटिमीटर लांब उतरण हवी. चार पायऱ्यांचे ६० सेंटिमीटरचे जोते असेल, तर ७ मीटर २० सेंटिमीटर लांबी लागते. जागा वाचविण्यासाठी हीच उतरण दोन मीटरांत संपविली, तर ती घसरगुंडी होते. चढताना खुर्ची पाठीमागे कलंडू पाहते आणि उतरताना हातांत आवरत नाही. अनेक ठिकाणी उतरण दिसते, तिच्याजवळ निळ्या रंगाची खुर्चीची पाटीही दिसते. परंतु कोणी मोजपट्टी लावून पाहिले, तर ती केवळ पाटी लावण्यापुरतीच केली असल्याचे आढळते. अशा उतरणीपेक्षा पायरीच बरी, कारण पायरी निदान फसवीत तरी नाही.

उतरणीच्या दोन्ही अंगांना हाताला धरता येईल असा कठडा लागतो. ती लांब असेल, तर मध्ये मध्ये दम घेण्यासाठी सपाट टप्पा लागतो. खुर्चीची रुंदी साधारणतः पाऊण मीटरपर्यंत असते, म्हणून दार निदान ९० सेंटिमीटर रुंद हवे. आणि खुर्चीला पूर्ण वळण घेण्यास दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. कोकणात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभ्यावर आणि सिमेंटवर हां हां म्हणता शेवाळ धरते. तेव्हा येथील उतरण खरबरीत असली पाहिजे आणि पावसाळ्यात ती वरचेवर घासून काढली पाहिजे.

आता पुन्हा त्या मुलीबरोबर रत्नागिरी पाहू या. टिळकांचे जन्मस्थान कोकणातील जुन्या घरांप्रमाणे चौसोपी थाटाचा भपका नसलेले, जांभ्या दगडाचे आणि उतरत्या कौलांचे आहे. कोकणातील घर जोत्यावर उभे असते, कारण पावसाचे पाणी आत शिरता कामा नये. ओटीवर चढावयास पायऱ्या आणि आतल्या प्रत्येक खोलीला उंबरा, ही त्याची नेहमीची रीत. उंबरा काढून टाकला, तर घराचे जुनेपण जाते आणि ठेवला, तर चाक अडते. येथे ऐतिहासिक वास्तूंविषयीचा एक खरा पेच उभा राहतो. जुन्या वास्तूचा चिरा हलवू नये, तिच्या भिंतीत खिळा ठोकू नये, असे पुरातत्त्व जाणणारे लोक म्हणतात, आणि ते योग्यच आहे. वास्तू जर सर्वांची आहे, तर ती सर्वांना पाहता आली पाहिजे, असे दुसरे लोक म्हणतात, आणि तेही तितकेच योग्य आहे.

या पेचाचे उत्तर आपल्या देशात २००१ साली सर्वांच्या डोळ्यांपुढे आले. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग त्या वर्षी जानेवारीत भारतात आले होते. ऐन तारुण्यात जडलेल्या व्याधीमुळे त्यांचे सर्व शरीर लुळे पडले होते. ते यंत्राच्या साहाय्याने बोलत आणि चाकांच्या खुर्चीतून फिरत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भरलेल्या परिषदेचे काम आटोपून ते दिल्लीस गेले. कुतुबमिनार, लाल किल्ला, हुमायूनची कबर आणि जंतरमंतर ही स्थळे पाहण्याची त्यांची इच्छा होती. तेथे पायऱ्या होत्या. जावेद अबिदी हे स्वतः चाकाच्या खुर्चीवर असणारे कार्यकर्ते यासाठी झटले आणि पुरातत्त्व खात्याने त्या ठिकाणी लाकडी उतरणी बसविल्या. दगडाला धक्का न लावता नुसत्या टेकवून ठेवलेल्या फळ्या त्या! हॉकिंग यांनी ती स्थळे पाहिली. मग साहजिकच प्रश्न निघाला, की परदेशच्या थोर पाहुण्यासाठी जे चार दिवसांत होऊ शकले, ते येथल्या सामान्य नागरिकासाठी इतकी वर्षे का होऊ शकले नाही? पुढे अशा काही स्थळी कायमच्या उतरणी झाल्या. लाकडाची उतरण जुन्या घराच्या ओटीलाही टेकविता येते आणि नको असेल तेव्हा उचलून ठेविता येते. उंबऱ्यावर दोन्ही बाजूंनी उतरती अशी लहानशी फळी घातली, की उंबरा जागच्या जागी राहतो आणि चाकही पलीकडे जाते.

थिबा राजवाड्याची गोष्ट निराळी. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ साली रत्नागिरीस आणून नजरकैदेत ठेविले. त्याच्यासाठी बांधलेला हा वाडा १९१० च्या सुमारास पुरा झाला आणि १९१६ साली राजा मरण पावला. कमानदार खिडक्यांवरील नक्षीकाम, उतरती छपरे आणि समोर पसरलेली भाट्याची खाडी पाहून पाहुणा प्रसन्न होतो. आज तेथे वस्तुसंग्रहालय आहे. राजाची समाधीही रत्नागिरीतच आहे. २०१२ साली म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी येऊन तिचे दर्शन घेतले होते. राजाचे पाय धडधाकट होते, पण त्याला गावाबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. त्या मुलीला सगळीकडे जाण्याची मुभा आहे, पण वरच्या मजल्यावर नेणारा जिना तिच्यासाठी नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या वाड्यात उद्वाहन, म्हणजे लिफ्ट, बसविणे सोपे नसते. मात्र वरच्या मजल्याची मोठी छायाचित्रे आणि वाड्याची हाताने चाचपता येईल अशी प्रतिकृती तळमजल्यावर ठेवणे कोणत्याही संग्रहालयास अशक्य नाही. तिचा उपयोग दृष्टिहीन मुलांनाही होतो. शेजारच्या टेकडीच्या कडेवरील थिबा पॉइंटवरून खाडी, पूल आणि समुद्र एका दृष्टिक्षेपात दिसतात. अशा बागेत सपाट फरसबंदी आणि खुर्चीच्या उंचीवरूनही पलीकडचे दिसेल असा कठडा असला, म्हणजे झाले. उंच, भरीव भिंतीचा कठडा बांधला, तर खुर्चीत बसलेल्या मुलीला भिंतच दिसते, सूर्यास्त दिसत नाही. ही गोष्ट बांधणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

रत्नदुर्गाच्या बाबतीत मात्र खरे तेच सांगितले पाहिजे. शिवछत्रपतींनी १६७० साली घेतलेला हा किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे. मोटार बालेकिल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाते. पुढे भगवतीच्या देवळाकडे पायऱ्यांनी जावे लागते. शंभर पायऱ्यांची उंची १५ मीटर धरली, तर मघाच्या नियमाने १८० मीटर उतरण हवी आणि शिवाय मधले सपाट टप्पे. कड्यावर एवढी जागा कोठून आणावी? शत्रूला चढता येऊ नये म्हणूनच गड बांधले. ते आज मित्रांनाही चढावयास अवघड जातात. रायगडावर १९९६ साली रज्जुमार्ग झाला आणि सुमारे चौदाशे पायऱ्यांची चढण पाच मिनिटांच्या आत येऊन बसली. वृद्ध आणि दिव्यांग माणसांनी तोपर्यंत एक तर डोलीतून जावयाचे, नाही तर पायथ्याशी बसून राहावयाचे. परंतु प्रत्येक गडावर रज्जुमार्ग व्हावा, असे कोणी म्हणणार नाही. काही ठिकाणी डोली हाच उपाय उरतो, आणि डोलीत बसण्यात कमीपणाही नाही; मात्र तो ज्याचा त्याने ठरवावयाचा, बरोबरच्यांनी परस्पर ठरवावयाचा नव्हे.

शहरातील पतितपावन मंदिर १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने बांधले. ज्यांना इतर देवळांची दारे बंद होती, त्यांच्यासाठी हे देऊळ मुद्दाम उभे केले गेले. दार उघडण्याचा हा प्रश्न त्या काळी केवढा मोठा होता, हे इतिहासात वाचावयास मिळते. आज पाहावयाचे ते असे, की उघडलेल्या दारापर्यंत चाक पोहोचते किंवा नाही. हे केवळ एका देवळापुरते नाही. शाळा, टपाल कचेरी, दवाखाना, मतदान केंद्र या सर्वांच्या बाबतीत हेच पाहावे लागते.

याविषयी कायदाही आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा कायदा संसदेने २०१६ साली संमत केला आणि पुढील वर्षी तो अमलात आला. नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सर्व सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा कराव्यात, असे त्यात सांगितले आहे. नियम २०१७ साली निघाले. मुदत २०२२ साली संपली. पायऱ्या पुष्कळ ठिकाणी होत्या तशाच राहिल्या. एका दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली केलेल्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला, की या बाबतीतले नियम नुसत्या शिफारशीसारखे असून चालणार नाहीत. ते बंधनकारकच असले पाहिजेत.

प्रवासाची साधनेही अशीच तपासून पाहावी लागतात. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली आणि रत्नागिरी मुंबईच्या फार जवळ आली. लांब पल्ल्याच्या पुष्कळ गाड्यांना दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो. पण तो फलाटाच्या कोणत्या टोकास येईल, हे आधी चौकशी करून ठेवावे लागते, कारण गाडी थोडाच वेळ थांबते. एस.टी.च्या भाड्यात दिव्यांगांना मोठी सवलत मिळते. ती चांगलीच आहे. तथापि सवलतीच्या तिकिटाने गाडीची पायरी खाली येत नाही.

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे शौचालय. खुर्ची आत जाईल असे शौचालय वाटेत मिळेल की नाही, या धास्तीने खुर्चीवरील अनेक प्रवासी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कोकणच्या उन्हात असे करणे प्रकृतीस फार घातक असते. त्याने मूत्रपिंडांना इजा पोहोचते. एखाद्या स्थळी सुंदर बाग केली, कारंजी उडविली, पण रुंद दाराचे आणि भिंतीला दांडा लावलेले एक शौचालय केले नाही, तर ती बाग त्या मुलीच्या कामाची नाही. सहल ठरविणाऱ्याने पाहण्याची स्थळे नंतर मोजावीत. ही जागा आधी शोधावी.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन शाळा-महाविद्यालयाच्या वयात कमरेखाली पक्षाघात झाला. स्वतः चाकाच्या खुर्चीवर राहून त्यांनी १९८४ साली अपंगांसाठी संस्था उभी केली आणि पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यात 'स्वप्ननगरी' वसविली. त्यांच्या आत्मकथनाचे नाव 'चाकाची खुर्ची' असेच आहे. मोठेपणी ते अवश्य वाचावे.

बरोबरच्या मुलांनी काही साध्या गोष्टी शिकून घ्याव्यात. बसलेल्या व्यक्तीस विचारल्याशिवाय खुर्चीला हात लावू नये. ती खुर्ची तिच्या शरीराचाच भाग असल्यासारखी असते. थांबल्यावर आधी ब्रेक लावावा. चढावर खुर्ची पुढे तोंड करून न्यावी. तीव्र उतारावर मात्र ती उलटी फिरवावी आणि ढकलणाऱ्याने खालच्या बाजूस राहून पाठमोरे सावकाश उतरावे, म्हणजे बसलेला मनुष्य पुढे कोसळत नाही. बोलावयाचे असेल, तर शेजारी बसून बोलावे. आणि तिला काय हवे, हे तिलाच विचारावे, तिच्या आईला नव्हे.

समुद्राचा प्रश्न राहिलाच. कोरड्या वाळूत खुर्चीची पुढची अरुंद चाके रुततात, कारण सगळा भार लहानशा जागेवर पडतो. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर यासाठी सुमारे २६० मीटर लांबीची लाकडी वाट बांधली गेली आणि २७ नोव्हेंबर २०२२ रोजी ती खुली झाली. त्या दिवशी कित्येक दिव्यांगांनी जन्मात प्रथमच लाटेला स्पर्श केला. अवघ्या दोन आठवड्यांत चक्रीवादळ आले आणि वाटेचे समुद्राकडील टोक मोडले. ते दुरुस्त करून वाट पुन्हा खुली करण्यात आली.

भाट्याचा किनारा लांबलचक आणि सपाट आहे. मागे सुरूचे बन आहे. ओहोटीच्या वेळी पाणी मागे हटले, की ओली वाळू घट्ट होते आणि तीवर सायकलसुद्धा चालते. अडचण असते ती रस्ता आणि ही ओली वाळू यांच्यामधल्या कोरड्या पट्ट्याची. तेवढ्यापुरत्या फळ्या मांडल्या, नाही तर जाड चटया अंथरल्या, तरी काम भागते. वेळ मात्र नेमकी साधावी लागते. अमावास्येस आणि पौर्णिमेस या किनाऱ्यावर दुपारी बाराच्या सुमारास भरती असते आणि पुढे ती रोज सुमारे पाऊण तासाने उशिरा येते. अष्टमीच्या सुमारास दुपारी ओहोटी असते. तेव्हा सहलीची तारीख ठरविण्यापूर्वी तिथी पाहावी आणि किनाऱ्यावरच्या एखाद्या कोळ्याला विचारून घ्यावे. तो पाण्याकडे एकदा पाहील आणि किती वाजता यावे, ते सांगेल.